शंभरांच्या आत

जहाज कंपनीचं माहितीपत्रक हातात आलं की मी ते मागून उघडते. पुढच्या पानांवर संगमरवरी न्हाणीघर, शुभ्र हातमोज्यांतला बटलर, डेकवर शॅम्पेनचे पेले उंचावणारं पिकल्या केसांचं जोडपं. हे कुठल्याही कंपनीच्या पत्रकात सापडतं. मागच्या पानावर बारीक अक्षरांत जहाजाची मापं असतात: लांबी-रुंदी, बांधणीचं साल, पाण्याखाली किती बुडतं, कर्मचारी किती आणि उतारू किती. या शेवटच्या आकड्यावर प्रवासाचं निम्मं भवितव्य ठरतं. उरलेलं निम्मं वारा ठरवतो.

गेली बरीच वर्षं मी लहान जहाजांनी फिरते आहे. आधी नोकरीतल्या रजा साठवून, निवृत्तीनंतर ठेवी मोडून. 'हिला पैसा जड झालाय' असं नात्यात बोललं जातं, आणि ते अगदीच खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही. पण मोठ्या क्रूझवर जाऊन आलेले लोक जेव्हा विचारतात, की एवढ्याशा बोटीला दुप्पट-तिप्पट पैसे कशाला, तेव्हा त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. ते उत्तर गाद्या-गिरद्यांचं नाही.

२०२४ साली समुद्रात उतरलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आहे आणि पूर्ण भरलं की त्यावर साडेसात हजारांवर प्रवासी मावतात. घसरगुंड्या, बर्फाचं मैदान, नाटकघर, सगळं आत. तिथे माणूस जहाजासाठी जातो. बंदर आलं काय नि गेलं काय. नातवंडांना घेऊन जायला याहून सोयीची जागा नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. लहान जहाजावर मात्र माणूस किनाऱ्यासाठी जातो. जहाज हे किनाऱ्यापर्यंत नेणारं साधन, आणि ते साधन जरा मऊ असावं, एवढीच अपेक्षा.

ही मऊ साधनं तशी अलीकडची. १९८४ साली 'सी गॉडेस' नावाचं जहाज निघालं. उतारू जेमतेम सव्वाशेच्या आत. जेवणाची ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, वेगळी बक्षिशी नाही, पेयांचं बिल नाही; खाजगी यॉटवर पाहुणा म्हणून गेल्यासारखं राहायचं. धंदा म्हणून ते चाललं नाही. दोनच वर्षांत त्याचा कारभार क्यूनार्ड कंपनीकडे गेला. पण कल्पना टिकली. १९८६ मध्ये शिडांचं 'विंड स्टार' आलं, १९८८ मध्ये 'सीबोर्न प्राइड', १९९४ मध्ये 'सिल्व्हर क्लाउड'. मूळच्या 'सी गॉडेस'ची जोडी २००१ पासून 'सीड्रीम' या नावाने फिरते आहे, एका जहाजावर ११२ उतारू.

जहाज लहान असण्याचा पहिला फायदा मला ग्रीसमध्ये कळला. कॉरिंथचा कालवा सहा किलोमीटरांहून थोडा अधिक लांब, पण पाण्यालगत पंचवीस मीटरही रुंद नाही. रोमन सम्राट नीरोने इसवी सन ६७ मध्ये त्याची खोदाई सुरू केली आणि काम पुरं झालं ते १८९३ साली. मोठ्या जहाजांना पेलोपोनीजला सातशे किलोमीटरचा वळसा पडतो. आमचं जहाज टगबोटीच्या मागे, चालत्या माणसाच्या वेगाने आत शिरलं. दोन्ही बाजूंना खडकाच्या उभ्या भिंती, इतक्या जवळ की भेगांतून उगवलेल्या अंजिराची पानं ओळखता येत होती. पुलावरून जाणारे लोक थांबून खाली बघत होते. बारमन हातातला पेला तसाच धरून उभा राहिला, त्याला कुणी हटकलंही नाही.

अशी ठिकाणं आता कायदाच लहान जहाजांना सोडतो आहे. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून १८० मीटरहून लांब किंवा २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना सान मार्को आणि ज्युदेक्काच्या पाण्यातून जायला बंदी केली. गालापागोसमध्ये शंभराहून जास्त उतारूंचं जहाज फिरूच शकत नाही, आणि किनाऱ्यावर एका वाटाड्यामागे सोळाच माणसं. नॉर्वेने २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात एका जहाजाला दोनशे प्रवाशांची मर्यादा घातली. कंपन्या याला 'एक्स्क्लुझिव्ह' म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. खरं तर ही मर्यादा त्यांच्या औदार्यातून आलेली नाही, सरकारी हुकमातून आली आहे.

सगळ्यात काटेकोर हिशेब अंटार्क्टिकात.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाया गावातून जहाज निघतं, बीगल चॅनल ओलांडून ड्रेकच्या सामुद्रधुनीत येतं. केप हॉर्न ते दक्षिण शेटलंड बेटं हे अंतर आठशे किलोमीटरच्या घरात, धरून चालायचे दोन दिवस. या दोन दिवसांत बटलर असो नसो, सगळे प्रवासी समान असतात. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या असतात. लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं, ही गोष्ट पत्रकात कुणी छापत नाही. मी डेकवर जायचं नाही, पडून राहायचं, आणि सुकी बिस्किटं नि हिरवं सफरचंद एवढंच खायचं, असं ठरवून टाकलेलं आहे. जेवणाच्या सात पदार्थांची यादी रोज संध्याकाळी खोलीत येते. ती वाचूनही पोटात ढवळतं.

मधल्या एका दुपारी सगळ्यांना कपडे-पिशव्या घेऊन खालच्या हॉलमध्ये बोलावतात. किनाऱ्यावर बाहेरचं बी जाऊ नये म्हणून तपासणी. व्हॅक्युमचं नळकांडं खिशांच्या शिवणीतून, बॅगेच्या तळातून, वेलक्रोच्या पट्ट्यांतून फिरवतात. वेलक्रोत कुसळं अडकलेली असतात ती चिमट्याने वेचतात. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशातून तपासणाऱ्या मुलीने बडीशेपेचे दाणे काढले. एकेक करून पांढऱ्या कागदावर ठेवले आणि हे काय म्हणून विचारलं. मी तिला एक दाणा खायला सांगितला. तिने खाल्ला नाही, कागद घडी करून डब्यात टाकला. तिचं बरोबर होतं. आपल्याकडे अंगणात कुठेही दिसावं तसलं एक साधं गवत, शास्त्रीय नाव 'पोआ ॲन्युआ', माणसांच्या बुटांबरोबर किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि १९८५ पासून तिथे ठाण मांडून आहे. आता बर्ड फ्लूची भर पडली आहे. त्यामुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. उतरताना आणि चढताना बूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रशने घासायचे.

आता मुख्य नियम. एका वेळी किनाऱ्यावर शंभरांहून जास्त प्रवासी नकोत, वीस जणांमागे निदान एक मार्गदर्शक हवा, एका जागी एका वेळी एकच जहाज. पाचशेहून जास्त उतारू असलेल्या जहाजाने एकालाही उतरवायचं नाही. कंपन्यांनी १९९१ मध्ये 'आयाटो' ही आपली संघटना काढली, तिच्या शिस्तीतून हे आलं, आणि २००९ साली अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत ठराव होऊन त्यावर राष्ट्रांचीही मोहोर उठली. कुठलं जहाज कुठल्या दिवशी कुठल्या खाडीत, याचं वेळापत्रक हंगाम सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

या नियमाचा अर्थ बोटं मोजून लावावा. सकाळी उतरायला तीन-साडेतीन तास मिळतात. जहाजावर शंभर माणसं असली तर सगळी एकदम खाली उतरतात आणि पूर्ण वेळ तिथेच असतात. दोनशे असली तर अर्धी किनाऱ्यावर, अर्धी रबरी झोडियाक बोटींतून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. पाचशे असली तर पाच पाळ्या, आणि तुमच्या वाट्याला पाऊण तास. त्यातली दहा मिनिटं बूट धुण्यात जातात. पाचशेच्या वर असलात की दुर्बीण घ्या आणि काचेतून बघा. दादरच्या एका प्रवास-कचेरीत मी हा हिशेब सांगितला, तेव्हा तिथल्या अनुभवी गृहस्थांनी मान हलवली आणि म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक पहिला प्रश्न करतं जेवण शाकाहारी आहे का, दुसरा वायफायचा. तुमचा प्रश्न अजून तरी कुणी केला नाही."

झोडियाकमध्ये उतरण्याची एक रीत आहे. हातात हात द्यायचा नाही; एकमेकांचं मनगट पकडायचं, म्हणजे ओला मोजा निसटला तरी पकड सुटत नाही. किनारा आला की बोटीच्या गोल कडेवर बसून सरकत पुढे जायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि किनाऱ्याकडे तोंड करून चालायला लागायचं. सत्तरीच्या बायकांना मी हे सहज करताना पाहिलंय आणि तिशीतल्या दांडग्या पुरुषांना घाबरताना.

क्युव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. पहिली गाठ वासाशी पडते. फोटोंत वास येत नाही म्हणून कुणी सांगत नाही, पण कुजक्या मासळीचा तो दर्प जाकिटात मुक्कामच करतो. किनाऱ्यापासून वरच्या घरट्यांपर्यंत पेंग्विनांच्या रोजच्या येण्याजाण्याने बर्फात खोल वाटा पडलेल्या असतात, कच्च्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या पडाव्यात तशा. त्या वाटांवर हक्क त्यांचा. आपण पाच मीटर लांब राहायचं, आणि पेंग्विन वाटेत आला तर आपण थांबायचं. मी थांबले. एक जण समुद्रावरून वर येत होता, पोट भरलेलं, चालण्यात सावकाशी. मधेच थांबून शेजारच्या रिकाम्या घरट्यातला गोटा चोचीत उचलला, आजूबाजूला पाहिलं आणि आपल्या वाटेला लागला. वर जाऊन तो गोटा त्याने बायकोपुढे ठेवला. तेवढ्यात शेजारी परत आला. पुढचा अर्धा तास मी ते भांडण पाहत उभी होते, आणि मला कुणी 'चला, वेळ झाली' म्हणालं नाही. एवढ्या पैशांत मला नेमकं काय मिळालं असं कुणी विचारलं, तर हा अर्धा तास.

बाकीच्या चैनीबद्दल थोडक्यात आटोपते. न्हाणीघराची फरशी गरम असते. ओले पायमोजे वाळवायला ती फार उपयोगी पडते. जेवण उत्तम, आणि गरजेपेक्षा दुप्पट. काही नव्या जहाजांवर हेलिकॉप्टर आणि पाणबुडी असते. तो मला श्रीमंतीचा पोरखेळ वाटतो. उष्ण कटिबंधातल्या सफरींत एका कंपनीची प्रथा आहे: वाढपी पूर्ण पोशाखात कमरेइतक्या समुद्रात उभे राहतात आणि सर्फबोर्डवर मांडलेलं कॅव्हिअर पोहणाऱ्या पाहुण्यांना वाढतात. पाहुणे हसतात, फोटो काढतात. वाढप्याच्या पायात बूट असतात.

लहान जहाजाची अडचण माणसांचीच. दोनशे जणांत तोंड लपवायला जागा नसते. आपण किती देश पाहिले याचा पाढा वाचणारा एक जण प्रत्येक सफरीत असतोच, आणि ठरलेलं टेबल नसल्यामुळे तो कधीही शेजारी येऊन बसतो. एकट्या प्रवाशाला दोघांच्या खोलीचं भाडं जवळजवळ पूर्ण भरावं लागतं. इतकं करूनही वारा सुटला की उतरणं रद्द. एका सफरीत आमच्या कप्तानाने सलग दोन दिवस आम्हाला खाली सोडलं नाही. काही प्रवाशांनी भरपाई मागितली. करारात स्पष्ट लिहिलेलं होतं, मार्ग आणि उतरण्याची जागा बदलण्याचा पूर्ण अधिकार कप्तानाचा. वाचलं कुणी नव्हतं.

कप्तान एवढे कडक का, याचं एक कारण २००७ मध्ये आहे. अंटार्क्टिक पर्यटनाचा पाया घातला तो स्वीडनमध्ये जन्मलेल्या लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. १९६६ साली त्यांनी ५७ हौशी प्रवासी भाड्याच्या जहाजाने तिकडे नेले, आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी 'लिंडब्लाड एक्स्प्लोरर' बांधून घेतलं. लाल रंगाचं, शंभरेक उतारूंचं. सोबत शास्त्रज्ञ, रोज व्याख्यान, रबरी बोटींतून किनारा; आजची सगळी आलिशान जहाजं याच साच्यातली आहेत. तेच जहाज, मालक बदलून नुसतं 'एक्स्प्लोरर' झालेलं, २३ नोव्हेंबर २००७ च्या रात्री किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाला लागलं. १५४ माणसं काही तास लाइफबोटींत होती. समुद्र शांत होता आणि 'नॉर्डनॉर्गे' नावाचं जहाज आवाक्यात होतं, म्हणून सगळी वाचली. जहाज त्याच दिवशी बुडालं. उतारू थोडे होते म्हणून दुसऱ्या एकाच जहाजावर मावले, हेही ध्यानात ठेवावं.

आता डेकच्या खालच्या मजल्यांविषयी. आलिशान लहान जहाजावर जवळजवळ माणशी एक कर्मचारी असतो, आणि त्यांत आपली माणसं हमखास भेटतात. गोव्याच्या खलाशांची परंपरा जुनी. दोन जहाजांच्या मधल्या दिवसांत त्यांनी राहायचं कुठे, यासाठी गोव्यातल्या गावांनी मुंबईत धोबी तलावच्या आसपास आपापले 'कूड' काढले, त्यातले काही अजून आहेत. सिंधुदुर्गातली मुलंही आता सीडीसी, म्हणजे खलाशाचा दाखला, काढून याच वाटेने जातात. माझी खोली आवरायला येणारा मुलगा दोन दिवस इंग्रजीत बोलत होता. तिसऱ्या दिवशी टेबलावर मराठी पुस्तक पाहिलं आणि दारातच थांबला. "काकूनू, तुमी मुंबयच्या? मी वेंगुर्ल्याचो."

मग तो रोज पाच मिनिटं बोलायचा, त्याहून जास्त नाही, कारण पुढच्या खोल्या वाट पाहत असत. सात महिन्यांचा करार, खोलीत दोघं, खिडकी नाही. गावात घराचं स्लॅबचं काम चाललेलं. "आवशीक पेंग्विनाचो फोटो धाडलंय, तर म्हणता कशी, हीं खुराड्याबगर ऱ्हवतत कशी?" कर्मचाऱ्यांना वेळ मिळाला तर किनाऱ्यावर सोडतात, दोन हंगामांत त्याला एकदाच मिळाला होता.

समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार खलाशाला आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आठवड्याचे तास १६८. म्हणजे ९१ तास काम कायद्यात बसतं. कंपन्या अभिमानाने सांगतात की आमच्याकडे टिप द्यावी लागत नाही, सगळं भाड्यात धरलेलं आहे. मी तरी निघताना पाकीट देते. वेंगुर्ल्याच्या मुलाने ते घेतलं, आणि वर्षाच्या शेवटी घरी गेल्यावर काजू पाठवीन म्हणाला. पाठवलेही.

हे सगळं लिहिल्यावर एक हिशेब टाळता येत नाही. उतारू कमी म्हणून लहान जहाज स्वच्छ, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. तेवढंच इंजीन थोड्या माणसांसाठी जळतं, तेव्हा माणशी धूर जास्तच निघतो. २०११ पासून अंटार्क्टिकात जड इंधनतेल वापरायला बंदी आहे, त्याने तेलगळतीचं संकट कमी झालं; काजळी राहिलीच. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी बर्फावरच्या काजळीची मोजणी करून दाखवलं, की एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ वेळेआधी वितळतो. त्या गोटेचोर पेंग्विनाचं भांडण पाहायला गेलेल्या माझ्याही नावावर ते टन आहेत.

आणि शंभराचा नियम एका जहाजापुरता आहे, एकूण जहाजांवर नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला सहा-सात हजार पर्यटक जात. २०२३-२४ च्या हंगामात एक लाख बावीस हजारांच्या आसपास गेले. त्यातले जवळपास ४३ हजार मोठ्या जहाजांवरचे, न उतरणारे. बाकीचे आमच्यासारखे, लहान जहाजांतले. जहाजं लहान राहिली, पण फार झाली. एक जहाज खाडीतून बाहेर पडतं तोवर दुसरं तोंडाशी उभं असतं, आणि पेंग्विनाच्या दृष्टीने हे पाचशेचं एक जहाज आल्यासारखंच आहे.

या प्रश्नाशी भारताचा थेट संबंध आहे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालची आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, आणि ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोला आहे. १९८३ पासून अंटार्क्टिक करारात आपल्याला मताचा अधिकार आहे. मे २०२४ मध्ये कराराची ४६वी बैठक कोचीत भरली आणि पर्यटनासाठी सर्वंकष नियम आखायला तिथे पहिल्यांदा स्वतंत्र कार्यगट बसला. पण तिथले निर्णय एकमताने होतात, एकाही देशाची ना असली तर काम अडतं. एकूण पर्यटकांवर आजही कमाल मर्यादा नाही. ती यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भाडं वाढेल, चिठ्ठ्या टाकून नंबर लावावे लागतील, आणि माझा पुन्हा लागणार नाही. तरी यावी.

तोवर ज्यांना जायचंच आहे त्यांनी दोनशेच्या आतलं, जमल्यास शंभराचं जहाज निवडावं, बटलर नसला तरी चालेल. करार पूर्ण वाचावा. आजारी पडल्यास विमानाने परत आणण्याचा खर्च भरून देणारा विमा घ्यावा, कारण जवळचं इस्पितळ दोन दिवसांच्या समुद्रापलीकडे आहे. आणि निघण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे नक्की जाऊन यावं. जहाजावर डॉक्टर असतो, दाढ काढणारा नसतो.